श्यामची कबुली आणि पांडुरंगाची कैफियत

कुमारवयातील अनुभव ज्याने घेतला त्याच्याच तोंडून जेव्हा कादंबरी सांगितली जाते, तेव्हा वाचकापुढे येते ती मुळात एका साक्षीदाराची जबानी. आणि हा साक्षीदार असा असतो की, दुसऱ्या पुराव्याची जोड मिळाल्यावाचून त्याची साक्ष कोणत्याही अदालतीत ग्राह्य धरली जाऊ नये. तो वडिलांशी खोटे बोलतो, मास्तरांना फसवतो, मित्रांपुढे फुशारकी मारतो आणि तरीही हे सारे आपल्याला मात्र खरे सांगतो आहे, अशी आपली निष्कारण खात्री असते. मराठीत या जबानीची जी परंपरा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत घडली, तिच्यातील दोन सर्वाधिक वाचलेल्या ग्रंथांचा संबंध पूर्वीच्या पूर्व खानदेशाशी, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्याशी पोहोचतो. एकाचा कर्ता अंमळनेरचा मास्तर, दुसऱ्याचा यावल तालुक्यातील सांगवीचा मुलगा.

आरंभ अर्थातच हरिभाऊ आपट्यांपासून करावा लागतो. ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये यमू आपल्या बालपणापासूनची हकिगत स्वतः सांगते, पण त्या घरात असत्याचा सारा मक्ता वडीलधाऱ्यांकडे आहे, आणि शंकरमामंजींसारख्या सोवळ्या ढोंग्यापुढे त्या मुलीला खोटे बोलण्याचीही सवड मिळत नाही. ती गप्प राहते. हरिभाऊंनी हे मौन फार बारकाईने टिपले आहे, आणि त्याची आठवण पुढे ठेवावी लागेल.

पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले ते १९३० पर्यंत तेथे राहिले. छात्रालयाची जबाबदारी त्यांनी पत्करली आणि मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हस्तलिखित स्वरूपात चालवले. मुलांशी असा अष्टौप्रहर सहवास घडलेल्या माणसाला मुले कशासाठी आणि कशी खोटे बोलतात, हे ठाऊक नसणे अशक्य होते. पुढे सत्याग्रहात उडी घेतल्यावर १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली, आणि दुसऱ्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी महिन्याच्या अवघ्या पाच दिवसांत, ‘श्यामची आई’ लिहिली. ती ग्रंथरूपाने १९३५ साली प्रसिद्ध झाली. त्यातले घर कोकणातले आहे हे खरे. परंतु ज्या श्रोत्यांना उद्देशून ते पुस्तक मनोमन सांगितले गेले, ती मुले अंमळनेरच्या छात्रालयातली असावीत, असे मला नेहमी वाटत आले आहे.

या पुस्तकाला अनेक जण नीतिपाठ समजून बाजूला ठेवतात, आणि तेथेच त्यांचे चुकते. पोहायला जावे लागू नये म्हणून माळ्यावर दडून बसणारा श्याम, पुस्तकांच्या हव्यासापायी, मोठे होण्याच्या नावाखाली चोरी करणारा श्याम, हा काही आदर्श बालक नव्हे. आदर्श आहे ती त्याची कबुली. गुन्हा घडतो, आई ओळखते, मुलगा रडतो आणि प्रकरण दाखल दफ्तर होते. परंतु याच पुस्तकात अळणी भाजीचा तो प्रसंग आहे, ज्यात भाजीत मीठ पडलेले नाही हे घरातील स्त्रीला कळून तिला वाईट वाटू नये म्हणून श्यामचे वडील तसे जाणवूही न देता जेवतात. काटेकोर दृष्टीने पाहिले तर ही फसवणूकच. पण श्याम तिला असत्यांच्या यादीत घालत नाही, किंबहुना तिचा गौरव करतो. सत्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या घरात प्रेमापोटी केलेल्या लपवाछपवीला अशी सनद मिळाली आहे, आणि सान्यांच्या निवेदनातील खरी सूक्ष्मता येथे आहे. मुलाने केलेली लपवाछपवी भित्री आणि स्वार्थी, म्हणून तिला शिक्षा, आणि बापाने केलेली कनवाळू, म्हणून तिला मान. हा न्याय कोणी दिला? प्रौढ झालेल्या श्यामने, आश्रमातील मित्रांना रात्री गोष्ट सांगताना. आई हयात नाही, उलटतपासणी घ्यायला कोणी नाही, आणि निवेदक हाच साक्षीदार, हाच न्यायाधीश. सान्यांच्या प्रामाणिकपणाविषयी तिळमात्र शंका न घेताही एवढे म्हणता येते की, स्मृतीने या कबुल्यांना जे अश्रूंचे पाणी चढवले आहे, ते घटना घडली त्या दिवशी तितकेच होते असे समजण्याचे कारण नाही.

‘श्यामची आई’ लिहून झाल्यावर तीस वर्षांनी, १९६३ साली, पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ प्रसिद्ध केली. तेव्हा लेखकाचे वय पंचवीस होते आणि आपली कैफियत मांडणाऱ्या पांडुरंग सांगवीकराचेही तेवढेच. सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला, वसतिगृहात, खाणावळीच्या कारभारात आणि वक्तृत्वाच्या भानगडींत बापाचा पैसा आणि स्वतःची वर्षे खर्ची घालून रिकाम्या हाताने गावी परतणारा हा मुलगा कबुली देत नाही, आणि क्षमाही मागत नाही. श्यामच्या समोर आई होती. याच्या समोर दरारा असलेला, व्यवहारी बाप आहे, आणि अशा बापासमोर खरे बोलणे म्हणजे जमाखर्चाची वही उघडणे. म्हणून खऱ्या हकिगतीचा वाटा बापापेक्षा वाचकाला अधिक मिळतो. पण पुरता मिळतो का? प्रत्येक विधानाला ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची पाचर मारून ठेवणारा हा निवेदक आपल्या कोणत्याही वाक्यावर सही-शिक्का करायला तयार नसतो. मध्येच तो रोजनिशी लिहितो. मध्येच पुढल्या काळातील इतिहाससंशोधक आजच्या दिवसांचे कसे विपरीत अर्थ लावतील याचे विडंबन करतो. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटचा श्वास घेतला आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात अस्सल कागदाचा आणि बनावट कागदाचा निवाडा करण्यात माणसांची हयात गेली, त्या मुलुखाच्या लेकाने दस्तऐवजाचीच अशी थट्टा मांडावी, हा योगायोग असला तरी मोठा सूचक आहे.

ही सारी थट्टा धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी थांबते. तेथे पांडुरंग अतिशयोक्ती करीत नाही, लपवीतही नाही. आणि मग उशिरा उमगते की, आतापर्यंतची बेफिकिरी हीच त्याची सर्वांत मोठी बतावणी होती, व ती आपल्यापेक्षा त्याने स्वतःलाच अधिक ऐकवली. हे ज्याला दिसले नाही त्याने ‘कोसला’ विनोदी पुस्तक म्हणून वाचली, आणि असे वाचक थोडेथोडके नाहीत.

सालिंजरच्या १९५१ सालच्या ‘कॅचर इन द राय’शी या कादंबरीची तुलना करण्याची चाल पडली आहे. आगगाडीत वर्गमित्राची आई भेटताच त्यातला होल्डन तिला खोटे नाव सांगतो आणि स्वतःला नावडणाऱ्या तिच्या मुलाची तोंडभर स्तुती करतो. मार्क ट्वेनचा हक तर पळालेल्या गुलाम जिमला वाचवण्यासाठी, गुलामांच्या शोधात निघालेल्यांना तराफ्यावर साथीचा रोगी असल्याचा भास करून देतो आणि ते खोटे अमेरिकेच्या त्या काळच्या कायद्यापेक्षा अधिक न्याय्य ठरते. पण होल्डन आणि हक परक्यांना फसवतात. मराठी मुलाचे खोटे बोलणे घरातल्यांसाठी राखून ठेवलेले असते. परक्याशी तो बहुधा बोलतच नाही. हा भेद एकत्र कुटुंबाने आणि जमीनजुमल्याने घडवला आहे, आणि तो लक्षात न घेता केलेली तुलना मला वरवरची वाटते.

पुढच्या काळाचा हिशेब लवकर आटोपतो. प्रकाश नारायण संतांचा लंपन आकडे फुगवतो, पण फसवत नाही. मिलिंद बोकीलांच्या २००४ सालच्या ‘शाळा’मधील मुकुंद जोशी नववीत आहे, आणीबाणीचे दिवस आहेत, आणि त्याला आवडणाऱ्या शिरोडकर या मुलीविषयीचे सारे काही घरापासून दडवणे हा त्याचा नित्यक्रम झाला आहे, गुन्ह्याची जाणीव नाही, बंडाची ऐट नाही. ज्या वर्षी वर्तमानपत्रांनाही खरे छापण्याची मुभा नव्हती, त्या वर्षी एका पोराच्या लपवाछपवीला कोण दोष देणार? बोकीलांनी हे कोठेही उघड सांगितले नाही, यात त्यांचा संयम दिसतो. मात्र मुकुंदावर वाचकाला संशय घ्यावा लागत नाही, आणि त्या अंशाने ‘कोसला’ने उघडलेली वाट येथे पुन्हा अरुंद झाली आहे, असे माझे मत.

यमूनंतर मुलगी कोठे गेली, हा प्रश्न उरतोच. घरी अहिराणीत एक कारण सांगून, शाळेत प्रमाण मराठीत दुसरे सांगून, शिरपूर किंवा चोपड्याहून एस.टी.ने शिकायला जाणाऱ्या मुलीला एका दिवसात जितकी कारणे रचावी लागतात तितकी पांडुरंगाला वर्षात रचावी लागली नसतील. पण अशा मुलीने स्वतः सांगितलेली, वाचकालाही चकवणारी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. धुळे-जळगावकडील कोणा लेखिकेने ती लिहायला घेतली असेल तर तिने हस्तलिखित गावातल्या कोणत्याही वडीलधाऱ्याला आधी दाखवू नये, थेट प्रकाशकाकडे धाडावे.