ड्रॅग शर्यतीच्या मोटारीची लघुप्रतिकृती : रचना, विज्ञान आणि अध्यापनमूल्य
(विशेष संदर्भ : बारामती व इंदापूर तालुके)

सारांश

स्थिर अवस्थेतून निघून सरळ मार्गावर कमीत कमी वेळात ठरावीक अंतर कापणे म्हणजे ड्रॅग शर्यत होय. अशा शर्यतीसाठी बदल केलेल्या मोटारीची प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती कशी घडवावी, आकार लहान केल्यावर भौतिकीचे कोणते नियम तसेच राहतात व कोणते बदलतात आणि महाविद्यालयीन प्रकल्पकार्यात या निर्मितीचा उपयोग कसा करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे. उदाहरण म्हणून प्रीमियर पद्मिनी या भारतीय मोटारीची १:२४ प्रमाणातील प्रतिकृती घेतली आहे.

प्रस्तावना

वाहनाची लघुप्रतिकृती ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये सापडलेला कांस्य रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब व १६ सेंटिमीटर रुंद असून त्याला दोन बैल जुंपलेले आहेत. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी चाकांचे बैल आजही मिरवतात. वाहन लहान करून पाहण्याची ही हौस प्राचीन आहे. मात्र 'दिसणारी' प्रतिकृती आणि 'धावणारी' प्रतिकृती यांत मूलभूत फरक आहे, आणि तोच या लेखाचा मुख्य विषय आहे.

सरळ मार्गावरील शर्यतही पुणे जिल्ह्याला परिचित आहे. बैलगाडा शर्यतीत काही ठिकाणी गाडे एकेक सोडून घड्याळावर वेळ मोजली जाते, तर काही ठिकाणी छकड्या शेजारी-शेजारी पळवल्या जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने या शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. शर्यतीचा छकडा मालवाहू गाडीपेक्षा हलका का करतात, हे ज्या विद्यार्थ्याने पाहिले आहे, त्याला ड्रॅग मोटारीचे पहिले तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही.

मोटारींच्या ड्रॅग शर्यतीला संघटित रूप अमेरिकेत आले. तेथील राष्ट्रीय हॉट रॉड संघटना १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी स्थापन केली. पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा ४०२.३४ मीटर, हे या शर्यतीचे परंपरागत अंतर होय. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा या चालकाच्या अपघाती मृत्यूनंतर सर्वाधिक वेगाच्या दोन वर्गांसाठी ते १००० फुटांवर आणण्यात आले. पुणे जिल्ह्यातही लोणावळ्याजवळील अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' या नावाने अशा शर्यती झाल्या आहेत.

लेखाची उद्दिष्टे

१) लघुप्रतिकृतीच्या निर्मितीचे टप्पे स्पष्ट करणे.
२) आकारमान बदलल्यावर वस्तुमान, वेळ, वेग व घर्षण यांवर होणाऱ्या परिणामांचे विवेचन करणे.
३) पदवी स्तरावरील प्रकल्पकार्यासाठी या निर्मितीचे अध्यापनमूल्य तपासणे.

स्थानिक पार्श्वभूमी आणि मोटारीची निवड

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने ओळखली जाते. साखर कारखान्याभोवती वाढलेल्या या गावात पुढे अवजड यंत्रनिर्मिती रुजली व इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी लागणाऱ्या भागांचे कामही येथे झाले. याच वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी ही मोटार अनेक दशके मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनी तीनचाकी वाहने व २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर तयार करते. त्यामुळे लेथ, पत्राकाम व वेल्डिंग यांची जाण असणारे कारागीर या दोन्ही तालुक्यांत सहज भेटतात. या परिसरातील विद्यार्थ्याने परदेशी मोटारीऐवजी पद्मिनीची प्रतिकृती करणे म्हणूनच अधिक औचित्यपूर्ण ठरते.

१:२४ प्रमाणाचे गणित

पद्मिनीच्या पुढील व मागील आसांतील अंतर २३४० मिलिमीटर, लांबी सुमारे ३९३० मिलिमीटर, रुंदी सुमारे १४६० मिलिमीटर आणि वजन सुमारे ९०० किलोग्रॅम होते. १:२४ प्रमाणात आसांतील अंतर ९७.५ मिलिमीटर, लांबी सुमारे १६४ मिलिमीटर आणि रुंदी सुमारे ६१ मिलिमीटर होते. शर्यतीचा पाव मैल बरोबर ५५ फूट, म्हणजे १६.७६ मीटर होतो. महाविद्यालयाच्या लांब व्हरांड्यात हा मार्ग बसू शकतो.

लांबी २४ पटींनी कमी झाली, की क्षेत्रफळ ५७६ पटींनी व घनफळ १३,८२४ पटींनी कमी होते. त्यामुळे ९०० किलोग्रॅमच्या मोटारीची प्रतिकृती सुमारे ६५ ग्रॅमची असावयास हवी. मोटर, बॅटरी, चाके व कवच हे सर्व ६५ ग्रॅममध्ये बसविणे हीच निर्मात्याची पहिली कसोटी होय. प्रत्येक भाग मात्र याच प्रमाणात लहान करता येत नाही. मूळ पत्रा ०.८ मिलिमीटर जाडीचा धरला, तर प्रतिकृतीत तो ०.०३३ मिलिमीटर व्हावयास हवा. असे कवच हातात धरताच चुरगळेल. उलट, रंगाचा ०.१ मिलिमीटरचा थर मूळ मोटारीवर २.४ मिलिमीटर जाडीच्या थरासारखा दिसतो. म्हणून कवच प्रमाणापेक्षा जाड ठेवावे लागते आणि रंग शक्य तितका पातळ द्यावा लागतो.

वेळ आणि 'प्रमाणित वेग' यांविषयीचा गैरसमज

लांबी २४ पट लहान झाली, तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. टायर व मार्ग यांतील घर्षण गुणांक १ मानला आणि सर्व वजन मागील चाकांवर आहे असे गृहीत धरले, तर मूळ मोटार व प्रतिकृती या दोहोंचे कमाल त्वरण सारखेच, म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, येते. या त्वरणाने ४०२.३४ मीटर अंतरास सुमारे ९.०६ सेकंद लागतात व १६.७६ मीटर अंतरास सुमारे १.८५ सेकंद. वेळ २४ पटींनी नव्हे, तर २४ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ४.९ पटींनी कमी होते.

अंतिम वेगाबाबतही हेच घडते. वरील गृहीतकानुसार मूळ मोटारीचा अंतिम वेग ताशी सुमारे ३२० किलोमीटर व प्रतिकृतीचा ताशी सुमारे ६५ किलोमीटर येतो. हा ६५ चा आकडा २४ ने गुणून 'प्रमाणित वेग' ताशी १५०० किलोमीटरहून अधिक सांगण्याची प्रथा काही हौशी मंडळींत आढळते. ध्वनीपेक्षाही अधिक भरणारा हा वेग भौतिकीच्या दृष्टीने अर्थशून्य आहे. योग्य तुलना करावयाची झाल्यास ६५ ला ४.९ ने गुणावे. तेव्हा पुन्हा ३२० च मिळतात. विमितीय विश्लेषणाचे याहून सुबोध उदाहरण वर्गात क्वचितच मिळेल.

आसाची जागा : रचनेतील कळीचा निर्णय

मोटार वेग घेऊ लागली, की तिचा भार मागील चाकांकडे सरकतो. पद्मिनीप्रमाणे मागील चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनात याचा लाभ पकडीसाठी होतो. १९६५ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या शर्यती मोटारींत मागील आस १५ इंच व पुढील आस १० इंच पुढे सरकविण्यात आला. त्यांच्या विचित्र रूपावरूनच 'फनी कार' हे नाव रूढ झाले. रूप विचित्र असले, तरी हेतू स्पष्ट होता : अधिकाधिक भार मागील चाकांवर आणणे.

प्रतिकृतीत १५ इंच म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर. गुरुत्वमध्य दोन्ही आसांच्या मध्यावर व जमिनीपासून २५ मिलिमीटर उंचीवर आहे असे मानू. मूळ रचनेत स्थिर अवस्थेत ५० टक्के भार मागील चाकांवर येतो आणि घर्षणाने शक्य होणारे कमाल त्वरण गुरुत्व-त्वरणाच्या सुमारे ०.६७ पट असते. गुरुत्वमध्य तेथेच ठेवून केवळ मागील आस १६ मिलिमीटर पुढे घेतला, तर मागील भार सुमारे ६० टक्के व त्वरण सुमारे ०.८६ पट होते. हवेचा अवरोध व मोटरच्या शक्तीची मर्यादा वगळल्यास ५५ फुटांची वेळ २.२६ सेकंदांवरून १.९९ सेकंदांवर येते. एका आसाची जागा बदलल्याने पाव सेकंदाहून अधिक फरक पडतो. प्रत्यक्षात सुरुवातीचा टप्पा पकडीने व पुढचा टप्पा मोटरच्या शक्तीने मर्यादित होतो. त्यामुळे वेळ याहून अधिक भरते.

या लाभालाही मर्यादा आहे. त्याच सुधारित रचनेत बॅटरी वर बसवून गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर उंचीवर नेला, तर पुढील चाके उचलली जातात व मोटार उलटू शकते. म्हणून जड भाग तळाशी ठेवावेत आणि मागे लहान चाकांचा एक आधारदांडा जोडावा. मोठ्या ड्रॅग मोटारींतही हाच उपाय दिसतो.

निर्मितीचे टप्पे

आराखडा : मोटारीची बाजूची, पुढची व वरची अशी तीन दृश्ये आलेख कागदावर पूर्ण प्रतिकृती-आकारात काढावीत. अपेक्षित वजनाचा तक्ता याच वेळी करावा.

सांगाडा : पातळ प्लायवूड किंवा प्लास्टिकची पट्टी वापरावी. आसासाठी सायकलचा २ मिलिमीटर जाडीचा आरा उत्तम ठरतो. तो सरळ असल्याची खात्री काचेवर लोळवून करावी. दोन्ही आस परस्परांना समांतर नसतील, तर गाडी एका बाजूस ओढते व वेळ वाया जातो.

चाके : मागील चाके रुंद, पुढील अरुंद व हलकी असावीत. फिरणाऱ्या चाकाला पुढेही ढकलावे लागते व फिरवावेही लागते. सर्व वस्तुमान कडेला असलेले चाक म्हणूनच आपल्या दुप्पट वजनाइतके भारी पडते. भरीव चकती दीडपट. मागील चाकांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवून ती पॉलिश पेपरने सारखी घासावी.

कवच : हलक्या लाकडाच्या ठोकळ्यातून पद्मिनीचा आकार कोरून साचा करावा. त्यावर कागदाच्या लगद्याचे पातळ थर चढवावेत किंवा गरम करून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा ओढावा. उणेपणा एपॉक्सी पुट्टीने भरून प्रथम ४०० व नंतर ८०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावे. मुंबईच्या टॅक्सीचे काळे-पिवळे रंग, बॉनेटवरील हवेची वाट किंवा स्वतःचा क्रमांक अशा बाबतींत निर्मात्याला पूर्ण मोकळीक आहे.

शक्ती : लहान विद्युत मोटर व लिथियम-पॉलिमर बॅटरी सोयीची. 'एफ-वन इन स्कूल्स' या आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेत, जिचे नाव २०२५ मध्ये 'स्टेम रेसिंग' असे झाले, ८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वापरून २० मीटरच्या मार्गावर मोटारी सोडल्या जातात. प्रथम प्रयत्नात मात्र विद्युत मोटरच बरी.

मार्ग : दोन टोकांना ताणलेला नायलॉनचा दोरा तळाच्या दोन कड्यांतून ओवल्यास गाडी मार्ग सोडत नाही. अंतिम रेषेपुढे थांबण्यासाठी पुरेशी जागा व स्पंजचा अडसर ठेवावा. चालविताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, प्रेक्षक मार्गाच्या रेषेत उभे नसावेत आणि बॅटरी देखरेखीखालीच चार्ज करावी.

मापनाची शिस्त

हाताने चालविलेल्या स्टॉपवॉचमध्ये सुमारे ०.२ सेकंदाची चूक सहज होते. तीन सेकंदांच्या धावेत ती जवळजवळ ७ टक्के ठरते. आस सरकविल्याचा लाभ तीत बुडून जातो. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी टिपणारे चित्रण केल्यास सुमारे ४ सहस्रांश सेकंदापर्यंत वाचन मिळते. प्रत्येक रचनेच्या किमान दहा धावा घेऊन सरासरी व प्रमाण विचलन काढावे आणि एका वेळी एकच बदल करावा. सर्वोत्तम धाव तेवढी नोंदवून उरलेल्या वगळणे हा मोह टाळणे, हे या उपक्रमाचे सर्वांत मोलाचे शिक्षण आहे.

अध्यापनमूल्य

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प व व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम यांना श्रेयांक मिळाले आहेत. प्रकल्प म्हणून थर्मोकोलची देखणी, परंतु निश्चल प्रतिकृती सादर झाली, तर तिची परीक्षा रंगरूपावर होते. ती बाजारातून आणली की हाताने घडविली, हेही ओळखणे अवघड जाते. धावणाऱ्या प्रतिकृतीची परीक्षा घड्याळ घेते आणि ती ज्याने घडविली, त्यालाच तिच्या अपयशाचे कारण सांगता येते. म्हणून गुणदानात वेगापेक्षा नोंदवहीला, फसलेल्या धावांच्या कारणमीमांसेला व केलेल्या बदलांच्या समर्थनाला अधिक भार द्यावा. भौतिकीबरोबरच सांख्यिकी, परिव्ययलेखा व उद्योगाचा इतिहास या विषयांच्या प्राध्यापकांनाही येथे सहभाग घेता येईल.

या उपक्रमाला एक सामाजिक बाजूही आहे. सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना वाहनांची शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. केवळ निषेधाने तरुणांचे वेगाचे आकर्षण ओसरत नाही. त्याला जिज्ञासेचे वळण लावणे शिक्षकाच्या हाती असते.

समारोप

आकार लहान करणे म्हणजे सर्व काही समप्रमाणात लहान करणे नव्हे. लांबी, वस्तुमान, वेळ व घर्षण यांचे मार्ग वेगवेगळे आहेत. त्यामुळे धावणारी प्रतिकृती ही मूळ मोटारीची नक्कल न राहता एक नवी रचना ठरते. सायकलचा आरा, ट्यूबची पट्टी आणि व्हरांड्यातील ५५ फूट एवढ्या सामग्रीवर हे सत्य विद्यार्थ्याला स्वतः तपासता येते. वालचंदनगरच्या यंत्रशाळांचा वारसा लाभलेल्या बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयांनी हा प्रयोग करून पाहावा, असे त्याचे स्वरूप आहे.