दोन निळ्या रंगांचा सामना

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम आणि चॅपेल हिल ही दोन शहरे एकमेकांपासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावर वसली आहेत. डरहॅम येथे ड्यूक विद्यापीठ आहे आणि चॅपेल हिल येथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. ड्यूकचा रंग गडद निळा, तर नॉर्थ कॅरोलायनाचा आकाशासारखा फिकट निळा. गावे शेजारची आणि रंगही एकाच जातीचे. परंतु बास्केटबॉलच्या खेळात ही दोन विद्यापीठे एकमेकांची कट्टर प्रतिस्पर्धी आहेत. त्यांच्यातील पहिला सामना १९२० साली झाला. त्या चुरशीला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत.

बास्केटबॉल हा मुळातच छपराखालचा खेळ. कडाक्याच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना व्यायाम घडावा, म्हणून जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ साली तो शोधून काढला. त्या वेळी चेंडू टाकण्यासाठी पीच नावाच्या फळांच्या टोपल्या उंचावर टांगल्या होत्या. बंदिस्त जागेतील हा खेळ प्रेक्षक अगदी जवळून पाहू शकतो. त्याची आरोळी भिंतींवर आदळून घुमते आणि खेळाडूच्या कानी पडते. म्हणूनच या खेळात प्रेक्षकालाही मोठे महत्त्व येते.

ड्यूकचे क्रीडागृह १९४० साली उघडले. त्यात केवळ ९,३१४ प्रेक्षक मावतात. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा सामना पाहण्यास मात्र कितीतरी अधिक विद्यार्थी उत्सुक असतात. म्हणून सामन्याच्या कित्येक आठवडे आधीच ते क्रीडागृहाबाहेर तंबू ठोकतात. ही प्रथा १९८६ साली सुरू झाली. एका तंबूत जास्तीत जास्त बारा विद्यार्थी असतात. ते आपापल्या तासांच्या वेळा सांभाळून आळीपाळीने तेथे राहतात. तपासणी केव्हाही, अगदी मध्यरात्रीही होते. ठरलेल्या संख्येइतके विद्यार्थी त्या वेळी हजर नसले, तर रांगेतील जागा जाऊ शकते. थंडी सोसणे, सोबत्यांवर विश्वास टाकणे आणि आपली पाळी न चुकवणे, हीच त्या जागेची खरी किंमत होय.

सामन्याच्या दिवशी विद्यार्थी तोंडे निळ्या रंगाने रंगवून आत शिरतात. मैदानाच्या अगदी कडेला त्यांची जागा असते आणि सारा सामना ते उभे राहूनच पाहतात. प्रतिपक्षाचा खेळाडू दंडाचा चेंडू टाकू लागला, की त्याचे चित्त विचलित व्हावे म्हणून शेकडो हात एकदम हलू लागतात. आपल्या खेळाडूची पाळी आली, की तेच प्रेक्षक निःशब्द होतात.

अशा या क्रीडागृहात १८ फेब्रुवारी २०१५ रोजी एक निराळेच दृश्य दिसले. नॉर्थ कॅरोलायनाचे थोर प्रशिक्षक डीन स्मिथ त्याच महिन्यात निवर्तले होते. त्यांनी १९६१ पासून १९९७ पर्यंत आपल्या संघाला शिकवले आणि ८७९ सामने जिंकून दिले. त्यांतील अनेक विजय ड्यूकविरुद्धचे होते. तरीही सामन्यापूर्वी दोन्ही संघ मैदानाच्या मध्यभागी एकत्र आले. गडद निळा आणि फिकट निळा असे दोन्ही रंग एकमेकांत मिसळले. एकमेकांच्या हातांत हात गुंफून सर्वांनी वर्तुळाकार गुडघे टेकले आणि दिवंगत गुरूला आदरांजली वाहिली. एरव्ही गर्जनांनी दणाणणारे ते क्रीडागृह क्षणभर शांत झाले.

त्यानंतर सामना सुरू झाला, तो नेहमीच्याच त्वेषाने. ४० मिनिटांचा खेळ संपला, तेव्हा दोन्ही संघांचे गुण समान होते. जादा वेळ देण्यात आला आणि अखेरीस ड्यूकने ९२ विरुद्ध ९० अशा गुणांनी विजय मिळवला. आदर दाखवल्यामुळे चुरस तिळमात्र कमी झाली नाही.

आपल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडावे, हा प्रेक्षकाचा आनंदच आहे. परंतु समोर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उभा नसेल, तर त्या ओरडण्याला अर्थ तो काय? प्रतिस्पर्धी आहे म्हणून सामना आहे आणि सामना आहे म्हणून तो आनंद आहे. हे ज्याने ओळखले, तोच खरा क्रीडारसिक.