प्रशिक्षकाला नारळ, आणि मग?

ढाक्यात 18 नोव्हेंबर 2025 रोजी बांगलादेशाकडून 0-1 असा झालेला पराभव गुणतक्त्याच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा होता, कारण 2027 च्या आशिया चषकाचे दार भारतासाठी महिनाभर आधी, 14 ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून 1-2 असे हरल्यावरच बंद झाले होते. तरीही 22 वर्षांनी या शेजाऱ्याकडून पत्करलेली हार जास्त झोंबली, आणि ऑगस्टमध्ये नेमलेल्या प्रशिक्षक खालिद जमील यांच्यावर भरवसा ठेवावा की त्यांच्या हाती नारळ द्यावा, हा प्रश्न ओघाने आलाच. प्रश्न राष्ट्रीय संघाचा असला तरी त्याचे उत्तर क्लबांच्या इतिहासात शोधणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण राष्ट्रीय संघ वर्षाकाठी मोजकेच सामने खेळतो आणि त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येतो, तर क्लबांचे सामने आठवड्यामागून आठवडा होत असल्याने तेथे निर्णय आणि त्याचा परिणाम यांची सांगड घालता येते. आपल्या भिवंडीला स्वतःचा व्यावसायिक क्लब नाही; येथल्या प्रेक्षकाचा क्लब मुंबईत खेळतो, नाहीतर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मँचेस्टरमध्ये. पण खालिद जमील हे नाव मुंबईच्याच क्लब फुटबॉलने घडवलेले असल्यामुळे या प्रकरणाचा जुना आणि अधिक बोलका भाग भिवंडीहून फार लांब नाही.

आधी पराभवांच्या मालिकेकडे कसे पाहावे हे ठरवावे लागते. संख्याशास्त्रात 'सरासरीकडे परतणे' अशी एक संकल्पना आहे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज अभ्यासकाने 1886 मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची तुलना करताना ती मांडली. जेथे कौशल्याबरोबर दैवाचाही वाटा असतो तेथे एखादी कामगिरी नेहमीपेक्षा फार चांगली किंवा फार वाईट झाली, तर तिच्या मागून येणारी कामगिरी बहुधा नेहमीच्या पातळीजवळ जाते, आणि त्यासाठी कोणी काही करण्याची गरज नसते, असा तिचा आशय. फुटबॉलमध्ये गोल इतके थोडे होतात की खांबाला लागून परतलेला एक चेंडू सामन्याचा निकाल फिरवतो, त्यामुळे दैवाचा हा वाटा मोठा असतो. क्लब प्रशिक्षकाला काढतो तो नेमका पडत्या काळाच्या तळाशी. तेथून वर येणे तसेही होणार असते, आणि नवा माणूस त्या चढणीचे श्रेय घेऊन मोकळा होतो.

हा केवळ तर्क नाही. यान फान ऑर्स आणि मार्टिन फान टाउल या अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्सच्या वरिष्ठ लीगचे 2000 ते 2014 असे 14 मोसम तपासून 2016 मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यातली खुबी त्यांनी निवडलेल्या तुलनेत आहे. प्रशिक्षक बदललेल्या संघांचे आधीचे आणि नंतरचे निकाल पाहून ते थांबले नाहीत. तितक्याच वाईट घसरणीतून जाऊनही प्रशिक्षक न बदललेले संघ त्यांनी शोधले आणि त्यांच्याशी तुलना केली. घसरण मोजतानाही निव्वळ हारजीत न पाहता सट्टेबाजांच्या दरांवरून प्रत्येक सामन्यात संघाकडून काय अपेक्षित होते ते काढून प्रत्यक्ष निकाल त्यापासून किती दूर पडला, हे त्यांनी पाहिले. प्रशिक्षक बदललेले संघ सावरले, पण न बदललेले संघही तितकेच सावरले, असे त्यांना आढळले. बास तेर वेल यांनी त्याच देशातील 1986 ते 2004 या काळाबद्दल 2011 मध्ये काढलेला निष्कर्षही याच दिशेचा होता. भरपाईच्या रकमा मोजणाऱ्या क्लबमालकांनी हे निबंध वाचले असतील, असे त्यांच्या वागण्यावरून तरी दिसत नाही.

भिवंडीच्या वाचकाला हा मुद्दा यंत्रमागाच्या शेडमधून अधिक चटकन उमगेल. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा कारागीर, वाईट असेल तर माग बंद पडतात आणि कापडात दोष येतात हे खरेच. पण सूतच कच्चे असेल तर धागा कोणाच्याही हाताखाली तुटतो, आणि मालकाने सुताचा दर्जा न पाहता जॉबर बदलण्याचा सपाटा लावला तर कारागीर फक्त येत-जात राहतात. फुटबॉलमधले सूत म्हणजे खेळाडू, त्यांच्यावर खर्च होणारा पैसा आणि सरावाला मिळणारा वेळ. इंग्लंडमध्ये पूर्वी संघाच्या प्रमुखाला 'मॅनेजर' म्हणत, कारण खेळाडूंची खरेदीविक्रीही तोच पाहत असे. भारतात आणि युरोपात रूढ असलेल्या 'मुख्य प्रशिक्षक' या पदाला तो अधिकार क्वचितच असतो. म्हणजे ज्याला सूत निवडण्याचा हक्क नाही त्याच्याकडून कापडाचा जाब घेतला जातो.

मुंबई एफसी या क्लबची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे, आणि महाराष्ट्राच्या फुटबॉलवर लिहिणाऱ्यांनी तिची आजवर पुरेशी दखल घेतलेली नाही. 2007 मध्ये स्थापन झालेला हा क्लब कूपरेजच्या मैदानाशी जोडला गेला होता आणि आय-लीग, म्हणजे त्या वेळची देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा, खेळत होता. कुवेतमध्ये जन्मलेले आणि महिंद्र युनायटेड व एअर इंडियाकडून खेळलेले खालिद जमील 2009 मध्ये त्याचे प्रशिक्षक झाले आणि 2016 पर्यंत राहिले. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये सात वर्षे एकच प्रशिक्षक ही जवळपास न घडणारी गोष्ट. या काळात क्लबने विजेतेपद मिळवले नाही. गोवा आणि कोलकात्याच्या बड्या संघांपुढे तुटपुंज्या खर्चात उभा राहणारा, बचावाला घट्ट चिकटून एखाद्या गोलावर सामना काढणारा संघ अशी त्याची ओळख झाली, आणि ती कौतुकाची नव्हती. परंतु सातही वर्षांत तो वरच्या श्रेणीतून खाली घसरला नाही. सुताच्या मानाने कापड चांगले निघत होते, पण पाहणाऱ्यांची नजर दुकानातल्या भारी कापडावर होती.

2016 मध्ये जमील गेले आणि संतोष कश्यप आले; मोसमाच्या मध्यात कश्यप गेले आणि स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले; 2016-17 च्या आय-लीगमध्ये मुंबई एफसी दहा संघांत शेवटचा ठरला, खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि पुढे बंदच पडला. त्याच मोसमात जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीचे प्रशिक्षक होते. हा संघ आदल्या वर्षी पदावनत झाला होता आणि गोव्यातील क्लबांनी लीगमधून माघार घेतल्यामुळेच त्याला परत प्रवेश मिळाला होता. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडू तेथेही त्यांच्याबरोबर होते, आणि गोलरक्षक अल्बिनो गोम्स मुंबई सिटीकडून उसना घेतलेला होता. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँग लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी साधून ऐझॉलने 37 गुणांनिशी लीग जिंकली. मोहन बागान 36 गुणांवर राहिला. ज्याच्या हाताखाली मुंबईला मधली जागा मिळत होती त्याच माणसाने, मुंबईनेच वापरलेले किंवा बाजूला ठेवलेले काही खेळाडू घेऊन, देशाचे विजेतेपद मिळवले. यावरून जमील हे किमयागार ठरत नाहीत. मुंबई एफसीने सात वर्षे त्यांच्या कामाचे माप चुकीच्या फूटपट्टीने घेतले, एवढे मात्र ठरते.

याच राज्यात 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तर जणू प्रयोगशाळेतली चाचणीच घडली. इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी एफसीची पोर्तुगीज प्रशिक्षक जॉर्ज कोस्टा यांच्या हाताखालील सुरुवात घरच्या मैदानावर जमशेदपूरकडून 0-2 अशा हारीने झाली होती, आणि 24 ऑक्टोबरला फातोर्ड्यात एफसी गोवाने त्यांचा 5-0 असा धुव्वा उडवला. त्याच आठवड्यात एफसी पुणे सिटीने अवघ्या तीन सामन्यांनंतर मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना निरोप दिला. त्या मोसमासाठी आधी नेमलेले मार्कोस पाकेता तर लीग सुरू होण्यापूर्वीच गेले होते. मुंबईने कोस्टा यांना ठेवले. पुढे 16 डिसेंबरला त्यांच्या संघाने केरळ ब्लास्टर्सला 6-1 असे हरवले, त्यात मोदू सुगू यांनी एकट्याने चार गोल केले, आणि दोनच दिवसांत केरळने आपले प्रशिक्षक डेव्हिड जेम्स यांना घरी पाठवले. मोसमाअखेर मुंबई तिसरी आली आणि उपांत्य फेरीत पोहोचली, पुणे सातवे आणि केरळ नववे राहिले. पुणे प्रद्युम रेड्डी आणि फिल ब्राउन यांच्या काळात काहीसे सावरले हेही नोंदवायला हवे, पण ते सावरणे मुंबईच्या सावरण्यापेक्षा मोठे नव्हते, आणि 2019 मध्ये तो क्लबच हैदराबादला हलला. सोबत गेलेल्या ब्राउन यांनाही तेथे जानेवारी 2020 मध्ये काढण्यात आले.

मात्र धीर धरणे हा आपोआप सद्गुण ठरत नाही. या चर्चेत अलेक्स फर्ग्युसन यांचा दाखला हमखास दिला जातो: नोव्हेंबर 1986 मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले, पहिला चषक 1990 मध्ये मिळाला, तोवर क्लबने दम धरला. हा दाखला आता इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातली फसगत दिसेनाशी होते. ज्यांना वेळ दिला आणि तरी संघ बुडाला त्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही, त्यामुळे उरलेल्या एका नावावरून नियम बनतो. त्याच क्लबने जुलै 2024 मध्ये एरिक टेन हाग यांचा करार वाढवला आणि 28 ऑक्टोबरला त्यांना काढले. टेन हाग आणि त्यांच्या सहायकांच्या भरपाईपोटी एक कोटी पौंडांहून अधिक रक्कम गेली. नंतर आलेल्या रुबेन अमोरिम यांच्या हाताखाली संघ 2024-25 मध्ये पंधरावा आला. येथे धीरही धरला गेला नाही आणि धडपणे निर्णयही झाला नाही. करार वाढवणे हा निर्णय पुढे ढकलण्याचा महागडा मार्ग ठरला.

प्रशिक्षकाचे भवितव्य खेळापेक्षा मालकीवर किती अवलंबून असते, हे मुंबई सिटीच्या दोन पाचव्या क्रमांकांवरून दिसते. 2019-20 मध्ये कोस्टा यांचा संघ पाचवा आला आणि उपांत्य फेरी हुकली. त्यांना जावे लागले. 2021-22 मध्ये डेस बकिंगहॅम यांचा संघही पाचवाच आला, त्यांनाही उपांत्य फेरी गाठता आली नाही, पण ते राहिले, आणि पुढच्या मोसमात सलग 18 सामने अपराजित राहून 46 गुणांसह त्यांनी गुणतक्त्यात अव्वल राहणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड जिंकली. दरम्यान, नोव्हेंबर 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला होता. कोस्टा हे जुन्या मालकीने निवडलेले होते, तर बकिंगहॅम नव्या मालकांच्याच मेलबर्न सिटी या क्लबमधून आलेले. खेळाची पद्धत मालकाने ठरवलेली आणि प्रशिक्षक त्या पद्धतीत बसणारा, अशी रचना असली की माणूस बदलला तरी घडी विस्कटत नाही: नोव्हेंबर 2023 मध्ये बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला गेले, मेलबर्नहूनच पेत्र क्रॅट्की आले, आणि 4 मे 2024 रोजी कोलकात्यात मोहन बागानला 3-1 असे हरवून मुंबईने चषक नेला.

पुढच्याच मोसमात तोच क्रॅट्की आणि तीच पद्धत असताना संघ सहावा आला आणि 29 मार्च 2025 रोजी बाद फेरीत बंगळूरूने त्याला 5-0 असे चिरडले. मधल्या काळात होर्हे पेरेरा डियाझ, राहुल भेके आणि अल्बेर्तो नोगेरा हे तिघे मुंबई सोडून याच बंगळूरू संघात गेले होते. कोलकात्यातल्या अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल करणारे डियाझच होते. लालेंगमाविया राल्टे, म्हणजे आपुइया, मोहन बागानला गेले होते. सूत शेजारच्या शेडमध्ये गेल्यावर कापड शेजारीच विणले जाणार, हे क्लबलाही कळत असावे, कारण क्रॅट्की यांना नारळ मिळाला नाही. त्याउलट, गोव्याने प्रशिक्षक सेर्खिओ लोबेरा यांना जानेवारी 2020 च्या अखेरीस, संघ गुणतक्त्याच्या वरच्या टोकाला असताना काढले. क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेले सामने सांभाळून गोव्याला अव्वल ठेवले खरे, पण पुढच्या मोसमात लोबेरा मुंबईत आले, मंदार राव देसाई, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि मुर्तदा फॉल हे त्यांचे गोव्यातले खेळाडू त्यांच्याबरोबर आले आणि मुंबईने शील्ड व चषक दोन्ही जिंकले.

या पार्श्वभूमीवर जमील यांच्या राष्ट्रीय कारकिर्दीकडे पाहिले तर त्यांच्या हाती आलेले सूत आधी तपासावे लागते. आधीचे राष्ट्रीय प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जून 2024 मध्ये काढले आणि चार लाख डॉलर देऊन वाद मिटवला. त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ जुलै 2025 मध्ये गेले, तेव्हा पात्रता फेरीच्या दोन सामन्यांतून भारताला एकच गुण मिळालेला होता. जमील यांनी सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरे स्थान मिळवले, आणि त्यानंतर संघ घसरला तेव्हा देशाची मुख्य लीग, म्हणजे इंडियन सुपर लीगच, जुलैपासून थांबलेली होती. त्यांच्या बाजूने आंधळा कौल मात्र देता येत नाही: 2021 मध्ये गेरार्ड नूस यांच्या जागी येऊन त्यांनी नॉर्थईस्ट युनायटेडला बाद फेरीत नेले, इंडियन सुपर लीगच्या इतिहासात असे करणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक ठरले, आणि पूर्ण तयारीसह मिळालेल्या पुढच्या मोसमात तोच संघ अकरांत दहावा आला. थोड्या सामन्यांत संघाला उभे करण्याची त्यांची हातोटी सिद्ध आहे; बड्या अपेक्षांखाली लांब पल्ल्याची बांधणी त्यांना साधेल का, हे मुंबई एफसीत तपासताच आले नव्हते, कारण तेथे अपेक्षाच लहान होत्या. पात्रता फेरीतला भारताचा उरलेला सामना 31 मार्च 2026 रोजी हाँगकाँगशी घरच्या मैदानावर ठरला होता, आणि तोवर खेळाडूंना लीगचे किती सामने खेळायला मिळणार हे प्रशिक्षकाच्या नव्हे, महासंघाच्या आणि क्लबांच्या हातात होते.