ओळख ऑर्किडची : लेखांक ६
निळा वांडा, पण कोणता?

मागच्या आठवड्यात ऑर्किडच्या फुलाचे भाग पाहिले : बाहेरची तीन दले, आतल्या दोन पाकळ्या आणि तिसरी, ‘ओठ’ म्हणतात ती निराळी पाकळी. आज ही माहिती कामाला लावू.

निळ्या फुलांच्या वांड्यावर रोपवाटिकेत अनेकदा ‘वांडा सेरुलिया’ अशी चिठ्ठी असते. सेरुलिया ही ईशान्य भारतातल्या डोंगरांतली मूळ जात. विल्यम ग्रिफिथ यांना ती १८३७ साली खासी टेकड्यांत आढळली. चिठ्ठीखालचे झाड मात्र बहुतेक वेळा संकरित असते. १९३१ साली सेरुलियाचा फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटावरच्या वांडा सँडेरियानाशी केलेला संकर ‘वांडा रॉथशिल्डियाना’ या नावाने नोंदला गेला. आजच्या निळ्या वांड्यांपैकी कित्येकांचे मूळ याच घराण्यात आहे.

गिऱ्हाईक आधी रंग पाहते आणि तिथेच फसते. निळाई दोन्हीकडे असते, तेव्हा फुलाची ठेवण पाहावी. रानातल्या सेरुलियाचे फूल विरळ असते. पाकळ्या बुडाशी निमुळत्या होतात आणि तिथेच पीळ खातात, त्यामुळे पाकळ्या आणि दलांमध्ये फटी राहतात. फिक्या निळ्यावर गडद रेषांची जाळी असते. ओठ लहान आणि गर्द जांभळट निळा. त्याच्या मागे शुंडिका, म्हणजे आखूड, पोकळ नळी. सँडेरियानाचे सगळे वेगळे. फूल थाळीसारखे सपाट, दले एकमेकांवर चढलेली, खालची दोन दले मोठी आणि त्यांवर तांबूस तपकिरी जाळी. शुंडिका तर नाहीच. या वेगळ्या ओठामुळेच एके काळी तिला वांडातून काढून स्वतंत्र प्रजातीत बसवले होते.

आता संकराचे फूल हातात घ्या. फटी बुजलेल्या, फूल गोल आणि भरलेले, जाळी ठसठशीत, खालची दले वरच्यापेक्षा रुंद आणि गडद. ओठाकडे बहुतेक जण पाहतच नाहीत, पण फूल उलटे करून शुंडिका तपासायची सवय लावाच.

पानावरून क्वचितच निकाल लागतो. पट्टीसारख्या पानांचा वांडा आणि गोल, दांडीवजा पानांचा त्याचा नातेवाईक यांचा संकर असला, तर अर्धगोल, खोल पन्हळीची पाने फुलाआधीच भेद सांगतात. बाकी पाने सोडून द्यावीत. बहराचा काळ त्याहून उपयोगी. सेरुलिया उंचावरच्या गार हवेतली. तिचा मुख्य बहर पावसाळा सरताना आणि त्यानंतर येतो. मुंबईच्या उकाड्यात वर्षातून तीनदा फुलणारे झाड ‘अस्सल सेरुलिया’ म्हणून कोणी विकत असेल, तर माझा तरी विश्वास बसणार नाही.

संकर म्हणजे माणसाचीच करामत, असेही नाही. फिलिपिन्समधल्या फॅलेनॉप्सिस इंटरमीडिया या ऑर्किडचे वर्णन करताना जॉन लिंडली यांनी १८५३ सालीच, हा दोन जातींचा निसर्गातला संकर असावा, असा तर्क केला होता. इंग्लंडमधल्या व्हीच यांच्या रोपवाटिकेत त्याच दोन पालकांपासून केलेले रोप १८८६ साली फुलले आणि तर्क खरा ठरला. असे झाड रानात सापडले, तरी ते संकरितच.

उलटी अडचण जास्त छळते. उत्पादक सेरुलियातल्याच गोल फुलांच्या झाडांचा आपसांत पिढ्यान् पिढ्या संयोग घडवतात. ही संतती शंभर टक्के सेरुलिया असते, पण रानातल्या आजीसारखी दिसत नाही. आपल्या कसोटीवर ती संकरित ठरू शकते. त्यात सेरुलियाशीच पुन्हा पुन्हा जुळवलेला संकर मूळ जातीच्या इतका जवळ येतो की डोळ्यांनी भेद होत नाही. तपकिरी जाळी किंवा नाहीशी झालेली शुंडिका दिसली, तर ‘ही शुद्ध सेरुलिया नव्हे’ असे बिनधास्त म्हणावे. मात्र यातले काही दिसले नाही म्हणून शुद्धतेचा दाखला देता येत नाही. तिथे पालकांची नोंदच लागते.

ती नोंद मागायला आणखी एक कारण आहे. मूळ निळ्या वांड्याला, म्हणजे सेरुलियाला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. २००४ साली साइट्स करारात त्याला पहिल्या परिशिष्टातून दुसऱ्यात आणले गेले, तरी आंतरराष्ट्रीय व्यापारावरचे नियंत्रण उठलेले नाही. ‘थेट जंगलातून आणलेले, म्हणून अस्सल’ असे विक्रेता सांगू लागला, तर ते झाड विकत घेऊ नये.

पुढील लेखांकात : स्लिपर ऑर्किड.