हवेचा जमाखर्च

घरच्या छोट्या कार्यशाळेसाठी कॉम्प्रेसर घ्यावयास निघालेला गृहस्थ दुकानात प्रथम टाकीचा आकार पाहतो, मग मोटरची अश्वशक्ती विचारतो, आणि या दोन आकड्यांवर संतुष्ट होऊन सौदा मुक्रर करतो. वस्तुतः ते यंत्र दर मिनिटास किती मोकळी हवा, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाला मोजलेली हवा, प्रत्यक्ष देते, हा मुख्य प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो.

रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, तापमान कायम असता हवेचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर राहतो. या हिशेबाने ५० लिटरच्या टाकीतील दाब ८ बारवरून ६ बारवर उतरेपर्यंत तिच्यातून अवघी १०० लिटर मोकळी हवा मिळते. रंगाच्या स्प्रे गनला मिनिटास २०० लिटर हवा लागत असेल, तर ही शिल्लक अर्ध्या मिनिटाची. त्यानंतर पंपाची जेवढी मिळकत, तेवढ्यावरच काम निभवावे लागते. ही मिळकत ढोबळ मानाने दर अश्वशक्तीस मिनिटाला सुमारे १०० लिटर असते.

जाहिरातपत्रकातील आकडा मात्र पुष्कळदा दट्ट्याने व्यापलेल्या जागेचा असतो. सिलिंडरच्या माथ्याशी उरलेली दाबलेली हवा दट्ट्या मागे सरताच पुन्हा प्रसरण पावते आणि आत येणारी हवा तापून विरळ होते. त्यामुळे प्रत्यक्ष वसुली त्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरते.

पावसाळ्यातील कोकणात दुसरी एक अडचण उद्भवते. ३० अंश सेल्सियसच्या संपृक्त हवेत प्रत्येक घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते; ती हवा दाबून एक अष्टमांश आकारात आणली आणि थंड झाली, म्हणजे त्यातील बहुतेक बाष्पाचे पाणी होते. मिनिटास १०० लिटर हवा ओढणारा पंप अखंड चालल्यास ताशी जवळजवळ दीडशे ग्रॅम पाणी साचते. ते टाकी आतून गंजविते आणि रंगावर फोड आणते. यास्तव तळाचा ड्रेन कॉक काम संपताच उघडावा, आणि सेफ्टी व्हॉल्व्हला कदापि हात लावून बंदोबस्त बिघडवू नये.

टायर भरणे किंवा नेलरने खिळे मारणे एवढेच काम असेल, तर १ अश्वशक्ती आणि २४ लिटरची टाकी पुरेशी आहे. सतत रंगकाम करावयाचे असल्यास ३ अश्वशक्तीखाली उतरू नये. खरेदीपूर्वी आपल्या सर्वांत खर्चिक हत्याराची हवेची गरज पाहावी, आणि तिच्या दीडपट मोकळी हवा देणारा कॉम्प्रेसरच पसंत करावा.