दाणा फुटावा, पण किती?

गुरांच्या शेणात कधी कधी अख्खे दाणे दिसतात. जनावर तासन्‌तास रवंथ करते, मग हे दाणे न पचता बाहेर कसे पडतात?

गुराला आपण धान्य घालतो तेव्हा खरे तर त्याच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीवांना जेवू घालत असतो. मक्याच्या दाण्यात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो. पण बाहेर चिवट साल आणि आत स्टार्चच्या कणांभोवती प्रथिनांचे जाळे. दाढांतून निसटलेल्या दाण्याची साल शाबूत राहिली, तर सूक्ष्मजीवांना आत शिरायला वाटच मिळत नाही.

अमेरिकेत टेक्सास, कॅन्सस या राज्यांत मांसासाठीची गुरे अखेरचे काही महिने मुख्यतः धान्यावर पोसतात. तिथे मक्याचे चक्क पोहे करतात! दाणे अर्धा-पाऊण तास वाफेवर ठेवायचे आणि गरम असतानाच दोन रुळांमधून काढायचे. एक लिटर मका सुमारे ७२० ग्रॅम भरतो. त्याचे पोहे साधारण ३६० ग्रॅम. वाफेने स्टार्च पाणी पिऊन फुगतो, दाबाने प्रथिनांचे जाळे विस्कटते. नुसत्या भरडलेल्या मक्यातला स्टार्च ९० टक्क्यांच्या आसपास पचतो, पोह्यांतला जवळजवळ पूर्ण. ज्वारीत हे जाळे अधिक घट्ट असते, म्हणून तिला या प्रक्रियेचा फायदा मक्याहूनही जास्त होतो.

मग सरळ पीठच का करू नये? इथेच मेख आहे. दाणा जितका बारीक, तितके त्याचे आंबणे जलद. आम्ले शोषली जाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने तयार झाली, तर कोटीपोटाचा सामू घसरतो. तो ५.६ च्या खाली रेंगाळला की जनावराचे खाणे मंदावते; ५ च्या खाली गेला की लॅक्टिक आम्ल साचते आणि जनावर दगावूही शकते. गहू तर मक्याहून लवकर आंबतो. त्याला जास्त भरडणे म्हणजे आगीत तेल. म्हणून धान्य दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवतात आणि सोबत थोडा लांब चारा ठेवतात. चारा चघळताना सुटणाऱ्या लाळेतला बायकार्बोनेट आम्ल मारतो. आपल्याकडे मोकाट सुटलेल्या बैलाने ज्वारीच्या पोत्यात तोंड घातले, की दुसऱ्या दिवशी तो सुस्त होऊन पडतो, त्यामागेही हेच आम्ल असते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एका पेल्यात अख्खी ज्वारी, दुसऱ्यात ज्वारीचे पीठ घ्या. दोन्हींत पाणी आणि आयोडिनचे दोन-तीन थेंब घाला. पीठ लगेच निळे-काळे होईल; अख्ख्या दाण्यांचा रंग मात्र फारसा बदलणार नाही. आता एक दाणा चेचून त्याच पेल्यात टाका.