मोटारीचाही रोजमेळ हवा

रोजमेळ मांडल्यावाचून दुकान वाढविणारा व्यापारी आपल्या समाजात सहसा आढळावयाचा नाही. शिलकेत दहा रुपयांचा फरक आला तरी आपणांस झोप येत नाही. परंतु ज्या मोटारीत आपण मुलाबाळांना बसवितो, तिची चौकशी मात्र ती रस्त्यात अडेपर्यंत आपण करीत नाही. हा दोष आमच्याही अंगी होता.

सन २०१७ च्या वैशाखात धुळ्याचे लग्न आटोपून आम्ही सहकुटुंब सचिनला परतत होतो. कोंडाईबारीचा घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडून तळाशी गेले. चालकाने प्रसंगावधान राखून गाडी खालच्या गिअरात घातली, हातब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या कडेस ती उभी केली. मागे आमची दोन नातवंडे झोपली होती.

कारागिराने तपासून सांगितले, "शेठ, इंजिनचे ऑइल सगळे बदलतात; ब्रेकचे ऑइल कोणी विचारीत नाही." आमच्या गाडीचे ते चार वर्षांत बदललेच नव्हते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. उतारावर ब्रेक सतत दाबून तापले की त्या पाण्याची वाफ होते व पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचत नाही. साधारणतः दर दोन वर्षांनी ते बदलावे. त्यास तूरडाळीच्या एका कट्ट्याइतकाही खर्च येत नाही.

तेव्हापासून आम्ही गाडीचीही वही घातली आहे. दर पंधरवड्यास, सकाळी इंजिन थंड असताना, टायरची हवा आणि इंजिन ऑइल व कूलंट यांची पातळी पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. टायरची खाच १.६ मिलिमीटरपर्यंत झिजण्यापूर्वीच टायर बदलावा. वायपरचे रबर मृगाच्या आधी तपासावे.

धान्यबाजारातील बंधूंनी आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. गोदामाच्या धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो. तो मुदतीपूर्वीच पाहावा. तसेच गाडीत नमुन्याचे दाणे सांडू देऊ नयेत. दाण्यामागे उंदीर येतो व बॉनेटखालच्या तारा कुरतडतो. त्यावर विषापेक्षा झाडू बरा. तो आपल्या धर्मासही धरून आहे.

दसऱ्यास आपण गाडीला हार घालतो. त्याच दिवशी ब्रेकचे ऑइल केव्हा बदलले, ती तारीखही वहीत पाहावी, एवढीच आमची बंधूंस विनंती.